घरचा कारवानी



वसंत व्याख्यानमालेत कुत्र्याचा विषय पाहून काहींच्या भुवया वर गेल्या असतील. पण जे जनावर माणसाच्या उंबऱ्याशी हजारो वर्षे निजत आले, त्याला वर्षातून एक संध्याकाळ द्यायला हरकत नसावी.

विलायतेत व्हिपेट नावाचे एक चपळ कुत्रे आहे. खांद्याशी जेमतेम 18 ते 20 इंच. उत्तर इंग्लंडमधल्या खाणकामगारांनी एकोणिसाव्या शतकात ते नावारूपाला आणले. मैदानाच्या टोकाला धनी फडके हलवीत उभा राही आणि कुत्रे त्या फडक्याकडे झेपावे. म्हणून त्याला गरिबाचा शर्यतीचा घोडा म्हणत. ते ना राजवाड्यात घडले, ना सरकारी केंद्रात. ते घडले दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात, चुलीच्या उबेला.

आपल्याकडे त्याचा थोरला चुलतभाऊ शोभेल असा कारवानी आहे. लातूर, सोलापूरपासून थेट मुधोळपर्यंत धनगरांनी आणि शेतकऱ्यांनी तो सांभाळला. मुधोळचे राजेसाहेब मालोजीराव घोरपडे यांनी त्याला आश्रय दिला, आणि पाचव्या जॉर्ज बादशहांना त्याची जोडी भेट दिल्याचे सांगतात. 2005 साली मुधोळ हाउंड टपालाच्या तिकिटावरही झळकला. परंतु तिकिटावर छापल्याने वंश टिकत नाही. तो टिकतो कोणाच्या तरी पडवीत.

हे जनावर नाकापेक्षा डोळ्यांनी शिकार धरते. छाती खोल, पोट आत ओढलेले, पाठीचा कणा धनुष्यासारखा लवचिक. भरधाव पळताना एकाच ढांगेत चारही पाय दोनदा जमिनीपासून सुटतात. अंगावर चरबी जवळपास नाही. म्हणून थंडीत त्याला गोणपाट हवे, आणि शस्त्रक्रियेची वेळ आली तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना याची जात आधी सांगावी; काही औषधे याच्या शरीरातून सावकाश उतरतात.

प्रदर्शनाविषयी थोडेच बोलतो. तेथे परीक्षक दात पाहतो, अंगावरून हात फिरवतो, चाल समोरून, मागून आणि बाजूने न्याहाळतो. आपले कुत्रे शेजारच्या कुत्र्याशी नव्हे, तर त्या जातीच्या लेखी आदर्शाशी ताडून पाहायचे असते. एवढे समजले की हरल्याचे दुःख निम्मे होते. मात्र करंडकाचा एक दुष्परिणाम मला जास्त भयंकर वाटतो. एक नर जिंकला की पंचक्रोशीतील सगळ्या माद्या त्याच्याकडेच जातात. दहा वर्षांनी बघाल तर सारी पिल्ले एकमेकांची भावंडे! त्या नरात दडलेला एखादा दोष असेल, तर तो तेव्हा दोन्हीकडून येऊन भेटतो. सख्ख्या भावाबहिणीच्या पिलात जनुकांच्या दर चार जोड्यांपैकी सरासरी एका जोडीत दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असतात. म्हणून घरगुती पैदास करणाऱ्याचे पहिले हत्यार म्हणजे वंशावळीची वही. करंडक हरवला तरी चालेल, वही हरवता कामा नये.

दुसरी गोष्ट मादीची. ती माजावर आली म्हणजे लगेच नर शोधायचा, हा व्यापार झाला. 2017 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे. दीड वर्षापूर्वी मादी फळवू नये, आयुष्यात पाचांहून अधिक वेते घेऊ नयेत, आठ आठवड्यांच्या आत पिलू विकू नये. माझ्या मते पाच हीसुद्धा फार झाली, दोन-तीन पुरेत. गाभण काळ सुमारे 63 दिवसांचा. व्यायल्यावर पिल्ले रोज तराजूत घालावीत. ज्याचे वजन वाढत नाही, ते आधी आचळाशी लावावे. दूध, जंताचे औषध, लसी, रात्रीची जागरणे यांचा हिशेब मांडला, तर पिलांच्या किमतीत नफा सहसा उरत नाही. पैशासाठी हा उद्योग करणाऱ्याने कोंबड्या पाळाव्यात.

आता आपल्या पोंभुर्ण्याविषयी. लातूरच्या उघड्या माळावर कारवानी सुटला तर सशामागे धावेल; इथे सुटला तर चितळामागे जंगलात शिरेल. 1972 च्या वन्यजीव कायद्याने कुत्रे मागे घालणे हीसुद्धा शिकारच आहे, आणि धनी पडवीत बसला होता ही सबब तिथे टिकणे कठीण. शिवाय बिबट्याला कुत्रे म्हणजे आयता घास. तिसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. 2018 साली गीरमध्ये वीसहून अधिक सिंह दगावले, तेव्हा त्यांच्यात डिस्टेंपर सापडला. हा रोग कुत्र्यांतही असतो. ताडोबा-अंधारीच्या शेजारी राहणाऱ्या आपण आपल्या कुत्र्याला टोचलेली लस वाघाच्याही उपयोगी पडते.

मग या धावणाऱ्या जनावराने धावायचे कुठे? धान कापून झाल्यावर कुंपण घातलेले वावर बघावे, लांब दोरीला फडके बांधून गड्याकडून ओढून घ्यावे, सकाळच्या थंड वेळी, आणि रात्री कुत्रे आत घ्यावे. पिलू मागायला येणाऱ्याला मी किंमत नंतर सांगतो. आधी विचारतो, कुंपण आहे का, आणि रात्री ते कुठे निजणार? ज्याला उत्तर सुचत नाही, त्याला पुढच्या वेताला या म्हणून सांगतो.