दुपारचं ऊन, दुपारचं कांडप

गटाच्या मसाला शेडवर आम्ही सोलर बसवलं. बॅटरी महाग, म्हणून घेतली नाही. तरी बिल येतच होतं, आणि संध्याकाळी लाईट गेली की मिरची तशीच पडून. काही जणी म्हणाल्या, कर्ज काढून आणखी पॅनेल घेऊ.

त्याआधी आठवडाभर वहीत लिहिलं, कोणतं यंत्र कधी चालतं. दिवसभर आम्ही देठ खुडायचो नि कांडप लावायचो चारनंतर, ऊन उतरल्यावर! मोटर ५ एचपीची, भरल्या कामाला तासाला ४ युनिटच्या आसपास खाते. ती सगळी विकतची वीज.

आता देठ आदल्या संध्याकाळी खुडतो, ११ ते ३ कांडप चालतं. पाकिटं सील करायचं मशीन कांडप थांबल्यावरच लावतो. पट्टा ढिला पडून घसरत होता, तोही ताणून घेतला. पॅनेल सकाळी गार असताना पुसतो. पावसाळ्यात ऊन कमी, म्हणून दुकानांचा माल मे महिन्यातच कांडून ठेवतो.

कर्ज तूर्त बाजूला राहिलंय. दुपारी घरचं जेवण कुणी वाढायचं, यावरून मात्र अजून दोन-तीन घरांत कुरबूर चालू आहे.