अंश, छेद आणि रुग्ण



संपादक आणि वैद्यकीय ग्रंथपालांच्या अशा परिषदेत अध्यक्षाने इतिहास सांगावा अशी रीत आहे. मी एकाच वर्षाचा सांगतो. १९५५ साली परळच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज आणि केईएम रुग्णालयातल्या अध्यापकांनी ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ हे त्रैमासिक सुरू केलं. त्याच वर्षी माहितीशास्त्रज्ञ युजीन गारफिल्ड यांनी ‘सायन्स’मधल्या एका लेखात एक कल्पना मांडली: एखाद्या निबंधाचा आधार पुढे कोणी कोणी घेतला, याची सूची करावी. १९६४ साली ती सूची अवतरली आणि यथावकाश तिच्यातून नियतकालिकाचा प्रभाव मोजणारा आकडा, इम्पॅक्ट फॅक्टर, निघाला. परळला त्या लेखाची खबर असण्याचं कारण नव्हतं. पुढे मात्र आपल्या सगळ्यांचीच पत त्या आकड्यावर ठरू लागली.

चांगलं संशोधन विलायतेला पाठवायचं ही वाट त्याहून जुनी. मुंबईत सापडलेल्या ‘बॉम्बे’ रक्तगटाची नोंद डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापली. योग्यच केलं, इथल्या अंकात ती जगाला दिसली असती की नाही, कोण जाणे. प्रश्न गुणवत्तेइतकाच अंक पोचण्याचा होता.

पोचण्याचा हा प्रश्न या शतकाच्या सुरुवातीला बराचसा सुटला. परळच्या त्रैमासिकाने सगळे लेख इंटरनेटवर खुले केले, तेही लेखकाकडून पैसे न घेता. वाचकाकडून नाही आणि लेखकाकडूनही नाही, हे गणित पाश्चात्त्य प्रकाशकांना आजही पचत नाही. परदेशातून लेख येऊ लागले. उद्धरणं वाढली, आणि मला सर्वांत बोलकी वाटते ती गोष्ट म्हणजे कपाटात पडून असलेल्या जुन्या अंकांतले निबंधही लोक उद्धृत करू लागले. ते निबंध एका अक्षरानेही सुधारले नव्हते. म्हणजे आधीची वर्षानुवर्षं आपण ज्याला ‘कमी प्रभाव’ म्हणत होतो, त्यात कमी टपालाचा वाटा किती होता?

आता इम्पॅक्ट फॅक्टरच्या आकड्याच्या पोटात शिरू. आधीच्या दोन वर्षांतल्या मजकुराला यंदा मिळालेली उद्धरणं अंशात. त्या दोन वर्षांतले संशोधनलेख आणि आढावे छेदात. संपादकांना आलेली पत्रं छेदात धरत नाहीत, पण त्यांना मिळालेलं उद्धरण अंशात जमा होतं. ही फट चतुर संपादकांना केव्हाच सापडली आहे. (इथेही काहीजण हसताहेत.) केस रिपोर्टचं उलट. तो छेदात बसतो आणि अंशात फारसं काही टाकत नाही. म्हणून आकडा वाढवायचा सोपा उपाय कोणता, तर केस रिपोर्ट बंद करा. बऱ्याच नियतकालिकांनी तो केला आहे.

मला हा उपाय मान्य नाही. सापाच्या विषाची अनपेक्षित लक्षणं, क्षयरोगाचं भलत्याच अवयवात उगवलेलं रूप, हे आपल्या वॉर्डांत दिसतं. तालुक्याच्या रुग्णालयातला डॉक्टर रात्री त्यावरचा केस रिपोर्ट शोधून वाचतो आणि त्यावरून औषध बदलतो. तो निबंध लिहीत नाही, त्यामुळे त्याचं वाचन गारफिल्ड यांच्या सूचीत कधीच उमटत नाही. दोन वर्षांची खिडकीही आपल्याला गैरसोयीची आहे. आपले विषय सावकाश मुरतात.

अध्यापकांच्या बढतीसाठी निबंध सक्तीचे झाल्यापासून तर आकड्याभोवती बाजारच उभा राहिला. पैसे घेऊन आठवड्यात छापणारी नियतकालिकं स्वतःला ‘इंटरनॅशनल’ म्हणवतात. संपादक मंडळावर परदेशी नावं, लेखक सगळे एकाच राज्यातले. २०१२ च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोत ठरलेल्या जाहीरनाम्याने नियतकालिकाच्या आकड्यावरून माणसाचं मोल करू नका, असं बजावलं. आपल्या निवड समित्यांपर्यंत ते पोचायचं आहे.

म्हणून आज-उद्या जे ग्रंथमितीय अभ्यास इथे मांडले जातील, त्यांच्या कर्त्यांना माझी विनंती: एकूण उद्धरणांवर थांबू नका. त्यांतली स्वतःच्याच नियतकालिकातली किती, परदेशी उद्धरणं किती देशांतून, आणि एकदाही उद्धृत न झालेले पण सर्वाधिक वेळा उतरवून घेतलेले दहा लेख कोणते, तेही दाखवा. त्या दहांत केस रिपोर्ट किती निघतात, ते मी इथेच बसून मोजणार आहे.