तंबोऱ्याची जोडी

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनप्रसंगी मुलुंड येथे केलेले भाषण)



 आम्ही गवई नव्हे, वादकही नव्हे. उभे आयुष्य कचेरीतील जमाखर्चाच्या वह्या तपासण्यात गेले. तथापि वह्या तपासणाऱ्या माणसास एक खोड जडते. यादी दिसली की तो ती शेवटपर्यंत वाचतो. त्या खोडीपायीच आजचा विषय आमच्या हाती आला.

मंडळाची घाटकोपरची जागा इमारतीच्या पुनर्विकासासाठी लवकरच रिकामी करावयाची आहे, हे आपण जाणताच. त्या निमित्ताने सामानाची जी यादी सभासदांकडे धाडण्यात आली, तीत सतरंज्या, मोठी पातेली आणि लाकडी कपाट यांच्या खाली ‘तंबोरे नग दोन, नादुरुस्त’ अशी नोंद असून तिच्यापुढे ‘विकणे’ असा शेरा आहे. हा शेरा कोणी दुष्ट बुद्धीने मारला असे आम्ही मुळीच म्हणत नाही. जागेची अडचण खरी आहे. परंतु त्या दोन शब्दांनी आम्हांस आमच्या स्वतःच्या घरातील एका अपराधाची आठवण झाली, आणि तो येथे कबूल केल्यावाचून पुढे बोलण्याचा अधिकार आम्हांस पोहोचत नाही.

आमच्या मातोश्री विवाहापूर्वी गिरगावात गाणे शिकत. लग्नात माहेरून त्यांनी एक तंबोरा आणला. सासरी त्यास कोणी नाही म्हटले नाही. पण ‘आपल्यात सुना बैठकीला बसत नाहीत’ एवढे एक वाक्य पुरेसे झाले. तंबोरा गवसणीत गेला. पुढे कुटुंब गिरगाव सोडून बोरिवलीस आले, तेव्हा तो गवसणीसह माळ्यावर चढला. वृद्धापकाळी एकदा मातोश्री आम्हांस म्हणाल्या, ‘‘अरे, तो तंबोरा जरा खाली काढ. लावून बघते.’’ आम्ही म्हटले, ‘‘रविवारी काढतो.’’ तो रविवार उगवला नाही. त्यांच्या वर्षश्राद्धानंतर माळा आवरताना गवसणी उघडली, तो भोपळ्यास वरपासून खालपर्यंत तडा गेलेला. त्यावर जड ट्रंक ठेवली होती. ती ठेवणारे हात आमचेच होते.

तो फुटका तंबोरा घेऊन आम्ही रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसने मिरजेस गेलो. तेथे जे पाहिले व ऐकले, तेच आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

मिरज हे सांगली जिल्ह्यातील गाव आपणांपैकी अनेकांस रेल्वेचे जंक्शन अथवा इस्पितळांचे गाव म्हणून ठाऊक असेल. परंतु भारतभरचे गवई ते तंतुवाद्यांचे गाव म्हणून ओळखतात. ही विद्या तेथे कशी आली याची हकीकत मोठी बोधप्रद आहे. मिरजेत शिकलगारांची घरे होती. तलवारी, भाले, कट्यारी घडविणे आणि त्यांस धार व झिलई देणे हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि हत्यारांची मागणी ओसरली. अशा काळात, १८५० च्या सुमारास, फरीदसाहेब नावाच्या कारागिराने वाद्यांच्या दुरुस्तीत हात घातला आणि पुढे स्वतः तंबोरे व सतारी घडविण्यास आरंभ केला. मिरजेचे संस्थानिक पटवर्धन हे गाण्याचे शौकीन. त्यांचा आश्रय या कामास लाभला. फरीदसाहेबांच्या वंशजांस व त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या घराण्यांस पुढे लोक ‘सतारमेकर’ या नावानेच ओळखू लागले.

ज्ञातीच्या मेळाव्यात दुसऱ्या समाजाची थोरवी गाण्याचे प्रयोजन काय, असे कोणाच्या मनात येईल. आमचे उत्तर असे की, ज्ञातिसंस्था कशासाठी असते याचा याहून चांगला धडा आम्हांस तरी ठाऊक नाही. धंदा गेला, पण हाताची कसब त्यांनी जाऊ दिली नाही. पोलादास झिलई देणारा हात लाकूड तासू लागला, आणि बापाने मुलास, काकाने पुतण्यास ते शिकविले. आज दीडशेहून अधिक वर्षे ते काम तेथे अखंड चालू आहे. २०२४ साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले, ते या चिकाटीचेच फळ होय.

आता तंबोरा होतो कसा, ते ऐकावे. त्याचा भोपळा आपल्या भाजीचा नव्हे. तो कडू जातीचा, जाड सालीचा असून पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूस, भीमेच्या खोऱ्यात पिकतो. ज्या मातीत वारकऱ्याच्या वीणेचा सूर उमटतो, त्याच टापूत तंबोऱ्याचे पोट जन्मास येते. भोपळा वेलावर पक्का होऊ देतात, मग महिनोन्महिने वाळवितात. कारागीर तो पाण्यात भिजवून मऊ करतो, तोंड कापून आतील गर व बिया काढतो, आणि आतून काठ्यांचा टेका देऊन त्यास हवा तो आकार देतो. त्यानंतर पुन्हा वाळवण. दांडी तुणीच्या लाकडाची. ती आतून कोरून पोकळ केलेली. भोपळा व दांडी यांस जोडणारा तो गळा, आणि भोपळ्याच्या तोंडावर बसविलेली पातळ लाकडी तबली. सांधे सरसाने पक्के करतात, वर नक्षीच्या पट्ट्या बसवितात आणि लाखेचे पॉलिश चढवितात. पावसाळी हवेत लाकूड व सरस दोन्ही रुसतात. म्हणून या धंद्यात घाईला जागा नाही.

परंतु इतके सर्व झाले तरी तो केवळ देखणा भोपळा. त्यास वाचा फुटते ती जवारीने. तबलीवर जी घोडी असते, तिचा माथा सपाट दिसला तरी सपाट नसतो. कारागीर कानसीने तो किंचित उतरता करतो. एक हात कानसीवर, कान तारेपाशी. अधिक घासले तर सूर फाटतो, कमी घासले तर कोंदतो. शिवाय तार व घोडी यांच्यामध्ये सुताचा एक दोरा सरकवावा लागतो. तो केसभर पुढेमागे झाला की तोच तंबोरा मुका होतो किंवा गाऊ लागतो.

तारा चार. पहिली बहुधा पंचमाची. रागात पंचम नसेल, जसे मालकंसात, तर ती मध्यमात लावितात. मधल्या दोन षड्जाच्या, त्यांस जोड म्हणतात. चौथी पितळेची, खर्जाची. पहिली तार मधल्या बोटाने, उरलेल्या तिन्ही तर्जनीने, एकामागून एक, सावकाश छेडावयाच्या. खुंटीने स्वर साधारण मिळवावा, आणि उरलेला केसभर फरक घोडीखालच्या तारेतील मणी सरकवून काढावा. पुरुषांचा स्वर काळी एक-दोनच्या आसपास, स्त्रियांचा काळी चार-पाचच्या. म्हणून पुरुषांचा तंबोरा मोठा व स्त्रियांचा लहान घडवितात.

उत्तम जुळलेल्या तंबोऱ्यात एक नवल घडते. कोणीही न छेडलेला गंधार त्यातून आपोआप ऐकू येतो. गवई त्यास स्वयंभू गंधार म्हणतात. ही अंधश्रद्धा नव्हे. खर्जाच्या तारेच्या अंगी जे अनेक सूक्ष्म स्वर दडलेले असतात, त्यांतील पाचवा हा गंधार होय. जवारीचा उतार त्यांस जागे करतो. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली तंबोरा व वीणा यांच्या घोडीवर निबंध लिहून हे दाखविले की, साध्या तारेविषयी शास्त्रज्ञांनी मांडलेला नियम या वाद्यांस लागू पडत नाही. जे स्वर तारेत नसावेत असे तो नियम सांगतो, ते येथे स्पष्ट ऐकू येतात. मिरजेच्या कारागिराने हा निबंध वाचलेला नव्हता. त्याच्या कानास तो पाठ होता.

अशा गावात गाणे रुजले नसते तरच नवल. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्यापाशी मिरजेस शिकलेले विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले आणि १९०८ साली ते मुंबईत आणले. आज अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत आपली मुलेमुली संगीताच्या ज्या परीक्षांस बसतात, त्या परंपरेचे एक मूळ मिरजेत आहे. किराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेसच स्थायिक झाले. तंबोरा लावण्यात ते इतके काटेकोर की वाद्याची दुरुस्तीही स्वहस्ते करीत. १९३७ साली त्यांचे निधन झाले. त्यांचे दफन मिरजेसच, ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात झाले, आणि तेथे उरुसात आजही गवई हजेरी लावतात. त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर यांनी, कुलीन स्त्रीने चारचौघांत गाऊ नये असे मानणाऱ्या काळात, तिकीट लावून जलसे केले आणि स्त्रीच्या गाण्यास मान मिळवून दिला. त्या गात होत्या, त्याच काळात आमच्या मातोश्रींचा तंबोरा गवसणीत होता. हा दोष एकट्या आमच्या घराचा नव्हता, हे येथे बसलेल्या अनेक वडीलधाऱ्या भगिनी जाणतात.

आमचा फुटका तंबोरा मिरजेच्या त्या वृद्ध कारागिराने मांडीवर घेतला, तडा पाहिला, मग दांडीवर बोटाने ठोकून बराच वेळ ऐकत राहिला. म्हणाला, ‘‘साहेब, भोपळा गेलाय, पण दांडी मुरलेली आहे. अशी दांडी आता मिळायची नाही. भोपळा बदलू.’’ आम्ही विचारले, ‘‘मग हा जुना तंबोरा म्हणावयाचा की नवा?’’ तो हसून म्हणाला, ‘‘वाजवणारा कोण आहे घरात, ते सांगा आधी.’’ या प्रश्नास त्या दिवशी आमच्यापाशी उत्तर नव्हते. चार महिन्यांनी तंबोरा परत आला, तेव्हा आमची नात त्याच्यापाशी बसू लागली. ती फार मोठी गाणारी होईल असा आमचा दावा नाही. संध्याकाळी अर्धा तास घरात षड्ज लागतो, एवढेच.

कोणी म्हणेल, आता यंत्राचा तंबोरा मिळतो, बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी तो १९७९ साली सिद्ध केला, आणि सांप्रत तर तो मोबाईलमध्येही असतो. आम्ही त्याचे शत्रू नाही. दोन खोल्यांच्या घरात, पहाटे शेजाऱ्यांची झोप न मोडता रियाज करावयाचा तर ते यंत्र उपकारक आहे. ते उतरत नाही, रुसत नाही. परंतु गवयाच्या मागे तंबोरा धरून बसणारा शिष्य तासन्‌तास ऐकत शिकतो. ती जागा यंत्राने घेतली की शिकणाऱ्याची जागा जाते. स्वर उतरला हे ओळखून तो पुन्हा चढविणे, हेच तर अर्धे शिक्षण. आपल्या सप्ताहात वीणा खाली ठेवावयाची नाही हा दंडक आहे. एकाचा पहारा संपला की ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. त्या जागी यंत्र ठेवले तर नाद राहील, पहारा राहणार नाही.

आता मूळ यादीकडे येतो. कार्यकारी मंडळास आमची नम्र विनंती आहे ती अशी. पहिली, ‘विकणे’ हा शेरा खोडून तेथे ‘दुरुस्तीस धाडणे’ असा शेरा लिहावा. मिरजेस नेण्याआणण्याचे काम आणि एका तंबोऱ्याच्या दुरुस्तीचा खर्च आम्ही पत्करतो. दुसऱ्याचा भार सभासदांनी उचलावा. दुसरी, नवी जागा मिळेपर्यंत ही जोडी कोठारात न ठेवता ज्या दोन घरांत मुले वा मुली गाणे शिकत असतील, त्यांच्या हवाली करावी. वर्षाच्या शेवटी ती पुढल्या दोन घरांत जावी. तिसरी, ज्यांच्या घरी माळ्यावर असे एखादे वाद्य असेल, त्यांनी आज घरी गेल्यावर ते खाली काढावे. त्यावर ओझे असू नये, ते उन्हात वा भिंतीच्या ओलीपाशी नसावे, दीर्घकाळ वाजवावयाचे नसेल तर तारा सैल कराव्यात. आणि घरातील कोणी वृद्ध स्त्रीने ‘लावून बघते’ असे म्हटले, तर रविवारची वाट पाहू नये.

येथे अध्यक्षमहाराजांची घंटा होण्यापूर्वीच आम्ही थांबतो. यादीवरील निर्णय सभेने आजच घ्यावा अशी प्रार्थना करतो.