हिंगोलीचं वैद्यकीय महाविद्यालय

9 ऑक्टोबर 2024 रोजी राज्यातल्या 10 नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं. त्यांत हिंगोलीही होतं. एमबीबीएसच्या 100 जागांचं कौतुक झालं, पण माझ्या मते जिल्ह्याचा मोठा लाभ महाविद्यालयाला जोडलेल्या रुग्णालयातून होईल. 1999 साली परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेबारा लाख, त्यातले सुमारे 85 टक्के खेड्यांत. अडलेली बाळंतीण असो की अपघातातला जखमी, अनेकदा वाट धरावी लागते ती नांदेडची. त्याच नांदेडच्या शासकीय रुग्णालयात ऑक्टोबर 2023 च्या सुरुवातीला 24 तासांत 24 रुग्ण दगावले, तेव्हा आसपासच्या जिल्ह्यांचा केवढा भार तिथं पडतो, हेही चर्चेत आलं.

कोणी म्हणेल, प्राध्यापकच मिळत नाहीत, मग नवी महाविद्यालयं कशाला? आक्षेप खरा आहे. नुसत्या पाटीनं ताप उतरत नाही. मात्र शिकवायला तज्ज्ञ नेमावेच लागतात, आणि या सक्तीमुळेच ते जिल्ह्यातल्या सेनगाव-औंढ्याच्या रुग्णाच्या आवाक्यात येतात. म्हणून लोकप्रतिनिधी भेटले की त्यांना एवढंच विचारा: रात्रपाळीला भूलतज्ज्ञ असतो का?