वडिलांच्या मँडोलिनची दांडी
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



सुतार ज्ञातीच्या संमेलनात लाकडाविषयी बोलणे म्हणजे माशाच्या पिलांस पोहणे शिकविणे होय. तथापि चिटणीसांच्या आग्रहास मान देऊन आमच्या हातून घडलेल्या एका लहानशा कामाची हकीकत आपणांपुढे ठेवीत आहोत.

मँडोलिन हे मूळचे इटलीचे वाद्य. अठराव्या शतकात नेपल्स येथे ते विशेष नावारूपास आले. तारा आठ, जोड्या चार, आणि स्वर व्हायोलिनचेच. सज्जाद हुसेन (1917–1995) यांनी त्यावर हिंदुस्थानी राग वाजविले, तर यू. श्रीनिवास (1969–2014) यांनी त्यास कर्नाटक संगीताच्या मैफलीत मानाचे स्थान मिळवून दिले.

असेच एक मँडोलिन आमच्या तीर्थरूपांनी 1964 साली स्वहस्ते घडविले. आवाज गोड, परंतु सागवानी दांडी फार जाड. आमची नात त्यावर शिकू लागली, तो थोड्याच वेळात तिच्या डाव्या अंगठ्याचे मूळ ठणकू लागे. पुढे वाद्य पेटीतच राहू लागले. दांडी तासावी असे आम्ही म्हणताच थोरले बंधू म्हणाले, "वडिलांच्या कामास हत्यार लावणार?" प्रश्न रास्त होता. तासलेले लाकूड परत येत नाही.

म्हणून प्रथम आम्ही दोष दांडीचाच आहे काय, हे पाहिले. पुष्कळदा तारा पडद्यांपासून उंच असतात आणि बोल दांडीस लागतो. घोडी किंचित उतरविली, वरच्या पट्टीतील खाचा कानशीने खोल केल्या. बोटांस आराम पडला, परंतु अंगठ्यास नाही.

मग वडिलांनी दांडी इतकी जाड का ठेविली, याचा विचार केला. आठ तारांचा एकत्रित ताण सत्तर-ऐंशी किलोंच्या घरात जातो. अमेरिकेतील गिब्सन कंपनीस दांडीत पोलादी सळई बसविण्याचे पेटंट 1923 साली मिळाले. आमच्या वाद्यात तशी सळई नाही, सारा भार लाकडावर. शिवाय ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात असतो. जाडी एक दशांश घटविली, तर ताठपणा चौथ्या हिश्श्याहून अधिक घटतो. वडिलांचा जाडपणा हा अनाडीपणा नव्हे, ती सावधगिरी होती.

हे उमगल्यावर मार्ग सापडला. हातास टोचत होते ते दांडीचे दोन खांदे, आणि भार पेलीत होता तो मुख्यतः मधला कणा. आम्ही पुठ्ठ्याचे साचे कापले, एक पहिल्या पडद्यापाशी व एक सातव्यापाशी. तारा उतरवून काचेच्या तुकड्याने जुने पॉलिश खरडले. मरफ्याने दोन्ही खांदे सुमारे 3 मिलिमीटर उतरविले, कण्याची जाडी मात्र 25 वरून 23.5 वरच थांबविली. दर दहा-बारा हातांनंतर साचा लावून पाहिला, आणि नातीच्या हाती दांडी दिली. डोके व पेटी यांच्या सांध्यांजवळ हत्यार नेले नाही, कारण तेथेच दांडी मोडण्याचे भय अधिक. शेवटी पॉलिश पेपर व चपड्याचा पातळ हात.

तारा चढवून महिनाभर दर आठवड्यास सरळ पट्टी लावून पाहिली. दांडी केसभर वाकली व तेथेच स्थिरावली. नात आता तासभर वाजविते. थोरल्या बंधूंनी एके दिवशी दांडीवरून हात फिरविला आणि म्हणाले, "कणा ठेवलास, हे बरे केलेस."

बंधुभगिनींनो, वाडवडिलांचे काम पेटीत बंद करून ठेवणे हा त्यांचा मान नव्हे, आणि कारण न समजता त्यावर रंधा चालविणे हाही नव्हे. त्यांनी ते तसे का केले हे आधी शोधावे, मग लागेल तेवढेच उतरवावे.