तिसऱ्या हंगामाची बातमी



  आज पदवी घेतलेल्या तुम्हा तरुण मित्रमैत्रिणींसमोर बोलायला मला विषय मिळाला आहे तो विज्ञानाच्या बातम्या आणि त्यावरची लोकचर्चा. मी आयुष्यभर विदर्भात शेती आणि विज्ञान या बीटवर बातमीदारी केली, तेव्हा आज मी कापसाबद्दल बोलणार आहे.

२६ मार्च २००२ रोजी दिल्लीत केंद्राच्या समितीने बीटी कपाशीच्या तीन वाणांना परवानगी दिली : मेक-१२, मेक-१६२ आणि मेक-१८४. बियाणं जालन्याच्या महिको कंपनीचं, जनुक अमेरिकेच्या मोन्सँटोचं. आदल्याच वर्षी गुजरातेत नवभारत-१५१ नावाचं विनापरवाना बीटी बियाणं हजारो एकरांवर उभं असल्याचं सापडलं होतं. सरकार ते पीक नष्ट करायला निघालं आणि शेतकरी नेते शरद जोशी शेतकऱ्यांच्या बाजूने उभे राहिले. त्यामुळे परवानगी आली तेव्हा वातावरण आधीच तापलेलं होतं. आमच्या डेस्कवर दोनच प्रकारचे मथळे तयार होत होते. एकात हे बियाणं वरदान होतं आणि दुसऱ्यात राक्षस. हे बियाणं नेमकं करतं काय, हे लिहायला मी जागा मागितली. वाचकाला एवढं नको असतं, असं उत्तर मिळालं. हे वाक्य नोकरीत इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं की आजही कानावर आलं तर चीड येते. वाचकाला काय नको असतं, हे त्याला न विचारताच ठरवण्याची आपल्या धंद्याला फार जुनी खोड आहे.

तेव्हा जे लिहू दिलं नाही, ते आज सांगतो. मातीत राहणाऱ्या बीटी नावाच्या एका जिवाणूत एक प्रथिन असतं. ते तयार करणारं जनुक कपाशीत घातलं की अळी पान किंवा बोंड कुरतडताना ते प्रथिन पोटात घेते. तिच्या आतड्यात ते विरघळतं, आतड्याला भोकं पाडतं आणि अळी मरते. पण लाखो अळ्यांत एखादी अशी निघतेच जिला ते बाधत नाही. सगळ्या शिवारात बीटीच असेल तर मागे तेवढ्याच उरतात, त्यांचे पतंग आपसातच जुळतात आणि सगळी पिलावळ बीटी पचवणारी निपजते. शेजारी काही ओळी साध्या कपाशीच्या असतील तर तिथे साधे पतंग तयार होतात, जोड्या मिसळतात आणि पुढची पिढी बहुतांशी बीटीला बळी पडत राहते. म्हणून नियम होता की शेताच्या कडेने पाच ओळी किंवा वीस टक्के क्षेत्र, यांपैकी जे जास्त असेल तेवढी साधी कपाशी लावायची. त्यासाठी साडेचारशे ग्रॅम बीटी बियाण्यासोबत एकशे वीस ग्रॅमची वेगळी पुडी यायची. शेतकरी तिला रेफ्युजी म्हणत.

त्या पुडीचं काय होतं ते बघायला मी यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यात गेलो. पहिल्या पावसानंतर सरकी टोबायचं काम चालू होतं. बांधावर रिकामी पाकिटं पडली होती आणि त्यांच्यातच पुड्या, न फोडलेल्या. एक पुडी मी उचलली. बियांवर रंग चढवलेला, मागे बारीक अक्षरात सूचना, तीही हातात धरून डोळ्यांजवळ नेल्याशिवाय वाचता न येणारी. शेतमालकाला विचारलं, ही का नाही लावत? तो म्हणाला, “अळी पोसाले रान सोडू का मी, भाऊ?” पाकीट तेव्हा सोळाशे रुपयांच्या आसपास पडायचं. कर्ज काढून घेतलेल्या रानातला पाचवा हिस्सा अळीला द्यायचा, आणि तो का द्यायचा हे त्याला कोणी सांगितलेलं नाही. दुकानदाराने नाही, कृषी सहायकाने नाही, आणि रोज सकाळी त्याच्या गावात एसटीने येणाऱ्या आमच्या पेपरनेही नाही.

ती बातमी मी लिहिली. मुख्य उपसंपादकांनी वाचली आणि विचारलं, यात भांडण कुठंय? कंपनीविरुद्ध कोणी बोललं नव्हतं, बियाण्याच्या बाजूने कोणी मोर्चा काढला नव्हता. एक पुडी बांधावर पडली होती, एवढंच. बातमी आठवड्याच्या शेतीपानावर बियाण्यांच्या जाहिरातींमध्ये निम्मी होऊन छापली गेली. कापला गेला तो भाग पुडी का लावायची हे सांगणारा होता.

तुमच्या अभ्यासक्रमात ‘दोन्ही बाजू मांडाव्यात’ असं शिकवलं असेल. राजकारणात ते ठीक आहे. विज्ञानाच्या वादात मात्र खरी गोष्ट पुष्कळदा दोन्ही बाजूंच्या बोलण्यात येतच नाही. बीटी नको म्हणणाऱ्यांना त्या पुडीत रस नव्हता, कारण त्यांना बियाणंच नको होतं. बीटी हवं म्हणणाऱ्यांनाही नव्हता, कारण पुडीबद्दल बोलणं म्हणजे बियाण्याला मर्यादा आहे हे कबूल करणं. दोघांची वाक्यं समोरासमोर छापून आम्ही निष्पक्ष झालो आणि पुडी बांधावरच राहिली.

जानेवारी २०१० मध्ये, बीटी वांगं शेतात येऊ द्यायचं का यावरची जनसुनावणी नागपुरात झाली. जयराम रमेश पर्यावरणमंत्री होते. त्यांनी देशातल्या सात शहरांत अशा सुनावण्या घेतल्या, आणि एका मंत्र्याने एका पिकावर लोकांचं ऐकायला शहरोशहरी जावं याचा मला तेव्हाही आदर वाटला, आजही वाटतो. सभागृहात घोषणा इतक्या की कीटकशास्त्रज्ञाचं वाक्य पुरं होत नव्हतं. ९ फेब्रुवारीला रमेश यांनी बीटी वांगं स्थगित केलं. देशभर पहिल्या पानाची बातमी झाली. पुढच्याच महिन्यात मोन्सँटोने स्वतः जाहीर केलं की गुजरातच्या अमरेली, भावनगर, जुनागढ आणि राजकोट जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी पहिल्या बीटी कपाशीला दाद देत नाही. न आलेल्या वांग्यावर आपण महिनाभर पानं भरली होती. शेतात आठ वर्षं उभ्या असलेल्या कपाशीची ही बातमी किती जणांना आठवते?

गुलाबी अळी आपल्याकडे कपाशीवाचून फारसं काही खात नाही. हिरव्या अमेरिकन बोंडअळीला तूर चालते, हरभरा चालतो, म्हणजे तिच्यासाठी बीटी नसलेली जागा निसर्गतःच होती. साध्या ओळींची सर्वांत जास्त गरज होती ती गुलाबीसाठी. शिवाय आपल्याकडे लांब मुदतीचे संकरित वाण, आणि पाणी असेल त्याने फरदड घ्यायची, म्हणजे मार्चपर्यंत पऱ्हाटी उभी. अळीला जवळजवळ बारमाही जेवण. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे तेव्हाचे संचालक केशव क्रांती गुलाबी बोंडअळीबद्दल जाहीरपणे लिहीत होते. लेख इंग्रजीत, तांत्रिक नियतकालिकात. तो मराठीत आणणं हे आमचं काम होतं.

मग २०१७ आलं. यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरच्या कीटकनाशक फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. दिल्लीचे कॅमेरे आले आणि गेले. ते गेल्यावर, दिवाळीनंतर, मी पुन्हा राळेगावकडे गेलो. फुलांच्या पाकळ्या गुंडाळून बंद झालेल्या, ज्याला आपल्याकडे डोमकळी म्हणतात. बोंड बाहेरून हिरवंगार, भरलेलं. नखाने फोडलं की आत गुलाबी अळी, सरकी पोखरलेली, कापूस पिवळा पडून चिकटलेला. व्यापारी त्याला कवडी म्हणतो आणि भाव पाडून घेतो. बोंडात शिरल्यावर अळीच्या मागे भोक बुजतं, म्हणून वरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. त्या वेळी दोन जनुकांचं बीटी होतं, २००६ मध्ये आलेलं. अळीने तेही पचवलं होतं.

हे टळलं असतं का? अमेरिकेच्या ॲरिझोनात शेतकऱ्यांनी साध्या ओळींचा नियम पाळला, विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं अळ्या गोळा करून तपासल्या, पुढे वांझ केलेले पतंग विमानातून सोडले, आणि २०१८ मध्ये अमेरिकेने कापसाच्या पट्ट्यातून गुलाबी बोंडअळी संपल्याचं जाहीर केलं. तेच जनुक, तीच अळी. तिथली शेतं मोठी आहेत, हंगाम वेगळा आहे, हे मला ठाऊक आहे. पण तिथे कोणीतरी दरवर्षी परत जाऊन बघत होतं.

मी तुमच्याकडून एकच गोष्ट मागायला आलो आहे. परत जा. घोषणेची बातमी केलीत तर दुसऱ्या हंगामाची करा, तिसऱ्याची करा. तुम्हाला तालुक्याला जायचा भत्ता मिळणार नाही, आम्हालाही मिळत नव्हता. ‘जुना विषय आहे’ असं सांगितलं जाईल. तरी जा. विज्ञानातला दावा ज्या दिवशी जाहीर होतो त्या दिवशी तो फक्त दावा असतो. तो खरा आहे की नाही हे पुढच्या वर्षांत शेतात, दवाखान्यात, घरात कळतं, आणि नेमकं तेव्हा तिथे बातमीदार नसतो. मी सहकाऱ्यांशी याच एका गोष्टीवरून सर्वांत जास्त भांडलो.

तुमच्यासाठी दावे तयारच आहेत. २०२५ मध्ये राज्य सरकारने शेतीसाठी एआय धोरण मंजूर केलं. जनुकीय मोहरीवर जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. आणि मे २०२५ मध्ये केंद्रीय कृषिमंत्र्यांनी जनुक-संपादित भाताचे दोन वाण जाहीर केले, एक ‘कमला’ आणि दुसरा ‘पुसा डीएसटी राईस १’. यांत बाहेरचं जनुक नाही, भाताच्याच जनुकात बदल केला आहे, म्हणून बीटीसारखी कडक मंजुरी लागली नाही. मला या संशोधनाबद्दल आशा वाटते. जाहीर झालं त्या दिवशी सगळ्यांनी छापलं, वरदान आणि राक्षस दोन्ही पुन्हा निघाले.

हे धान कधी ना कधी भंडारा-गोंदियाच्या बांधीत येईल. तुमच्यापैकी काही जण त्याच भागातले आहेत, मघाशी नावं वाचली तेव्हा मी ऐकली. ते येईल तेव्हा रोवणीला तिथे जा. किंमत काय पडली ते विचारा. घरचं बियाणं पुढच्या वर्षी ठेवता येतं का, की पेटंटची काही अट आहे, हे आधी विचारा, कारण ते जाहीर समारंभात कोणी सांगणार नाही. सोबत काही पुडी, काही सूचनापत्र येतं का बघा आणि ते कोणत्या भाषेत आहे तेही बघा. मग त्याच बांधीत पुढच्या वर्षी जा, आणि त्याच्या पुढच्या.