घरच्यासारखी

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त कोलकात्यातील माजी विद्यार्थी व पालक यांच्या बेहाला येथील मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



परदेशाचा विषय निघाला की हल्ली मराठी घरांतून ‘ओ-पेअर’ हा एक नवा शब्द कानी पडतो. मुलगी बारावी होते, पुण्याच्या किंवा कोलकात्याच्या मॅक्सम्युलर भवनात जर्मन भाषेची पहिली परीक्षा उत्तीर्ण होते आणि एके दिवशी जेवताना सांगते, की वर्षभर एका जर्मन कुटुंबात राहायला जायचे आहे. त्यांची मुले सांभाळायची, घरकामाला थोडा हात लावायचा, भाषा पक्की करायची; बदल्यात राहायला खोली, दोन वेळचे जेवण आणि हातखर्चाला पैसे. वडिलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, “म्हणजे मोलकरीण का?” मध्यस्थाचे उत्तरही ठरलेले असते, “छे हो, अगदी घरच्यासारखी राहील.” आजचे विवेचन या ‘घरच्यासारखी’ शब्दापुरतेच आहे. हा शब्द जितका गोड, तितकाच निसरडा आहे.

परक्या घरी राहून शिकण्याचे एक सुंदर उदाहरण बंगाल आणि महाराष्ट्र यांच्या सामाईक स्मृतीत आहे. १८७८ साली सतरा वर्षांचे रवींद्रनाथ विलायतेला निघाले होते. त्यांचे थोरले बंधू सत्येंद्रनाथ मुंबई इलाख्यात सनदी अधिकारी होते. धाकट्या भावाचे इंग्रजी सफाईदार व्हावे, साहेबी रीतभात अंगवळणी पडावी, म्हणून त्यांनी त्याला मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर यांच्या घरी ठेवले. डॉक्टर हे प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी एक, आणि मराठी शाळेत शिकलेल्यांना अधिक जवळची ओळख सांगायची तर व्याकरणकार दादोबा पांडुरंगांचे बंधू. त्यांची विलायत पाहून आलेली कन्या अन्नपूर्णा या तरुण पाहुण्याला इंग्रजी शिकवी. त्याने तिला ‘नलिनी’ हे नाव दिले आणि म्हातारपणीही तो तिला विसरला नाही.

पुढे लंडनमध्ये ते डॉ. स्कॉट यांच्या कुटुंबात राहिले. कुणी हिंदुस्थानी मुलगा राहायला येणार हे कळताच त्या घरातल्या दोघी धाकट्या मुली घाबरून नातेवाइकांकडे निघून गेल्या होत्या, आणि पाहुणा निरुपद्रवी असल्याची खात्री पटल्यावर परतल्या, असे रवींद्रनाथांनी आपल्या आठवणींत गमतीने लिहिले आहे. मिसेस स्कॉट यांनी मात्र त्यांना पोटच्या मुलासारखे वागवले. निरोपाच्या वेळी त्या माउलीला रडू आवरेना.

इथे ‘घरच्यासारखा’ हा शब्द पुरेपूर खरा ठरला, यात शंका नाही. परंतु त्याच्या मागे काय काय उभे होते तेही पाहावे. पाठीशी जोडासाँकोचे घराणे होते, बंधू न्यायाधीश होते, खर्चाला घरून पैसे येत होते. स्कॉटबाईंनी ऐन थंडीत दार लावून घेतले असते, तरी त्या मुलाला लंडनच्या रस्त्यावर रात्र काढावी लागली नसती. प्रेम मिळाले हे भाग्य. पण प्रेम न मिळते तरी चालले असते, ही त्याची खरी सुरक्षितता.

ती नसली म्हणजे काय होते, हे समजून घ्यायला ज्या बेहाल्यात हा मेळावा भरला आहे तिथून फार दूर जायला नको. डायमंड हार्बर रस्त्याने थोडे दक्षिणेला गेले की बडिशा लागते. तेथे सावर्ण रायचौधुरी घराण्याचा ‘आटचाला’ नावाचा जुना मंडप आहे. १० नोव्हेंबर १६९८ रोजी सुतानुटी, गोविंदपूर आणि कलिकाता या तीन गावांचे हक्क तेराशे रुपयांना ईस्ट इंडिया कंपनीकडे गेले, आणि तो कागद याच मंडपात झाला, अशी परंपरा आहे. त्या कागदातून पुढे केवढे शहर उभे राहिले! शहरात साहेब आले, मडमा आल्या, त्यांची मुले झाली, आणि मुले सांभाळायला आया आल्या. ‘आया’ हा शब्द पोर्तुगिजांकडून आलेला. आपल्या ‘आई’च्या इतका जवळ ऐकू येतो, की तो परका आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

साहेबाचे कुटुंब विलायतेला निघाले, की बोटीवर मुलांना कोण पाहणार? मग आयाही निघे. सुएझचा कालवा झाल्यावर हा प्रवास आठवड्यांवर आला आणि अशा आयांची ये-जा वाढली. काहींचा तर तो पेशाच झाला. एका आयेने पन्नासाहून अधिक वेळा समुद्र ओलांडल्याची नोंद आहे. बेहाल्याच्या वेशीशी असलेली खिदिरपूरची गोदी १८९२ साली सुरू झाली. मुंबईची बंदरे तर होतीच. या बायका रात्री मुलाच्या उशाशी झोपत, बोट लागलेल्या मालकिणीची शुश्रूषा करीत, अंगाई म्हणत. त्यांना ‘घरच्यासारखे’ म्हणणारी कुटुंबे पुष्कळ होती, आणि त्यांतली बरीचशी तसे मनापासूनच म्हणत असतील.

मात्र साउदम्प्टनचा किंवा लंडनचा धक्का लागला, की गरज संपे. काही कुटुंबे परतीचे तिकीट देत. काही देत नसत. ज्या कंपनीने तीन गावांसाठी रीतसर कागद केला, तिच्या वारसांना आपल्या लेकरांना वाढवणाऱ्या बाईसाठी मात्र दोन ओळींचा करार करण्याची आठवण राहत नसे. १९०८ साली मुंबईहून आणलेल्या एका आयेला लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकावर हातात एक पौंड ठेवून सोडून देण्यात आले. अशा बायकांची जबाबदारी कुणाची, यावर मग सरकारी दप्तरांतून पत्रव्यवहार झाला.

या बायकांसाठी लंडनमध्ये ‘आयांचे घर’ चालत असे. आधी ऑल्डगेट भागात, आणि १९०० पासून हॅक्नीतल्या किंग एडवर्ड्स रोडवर. वर्षाला शंभरेक आया तेथे उतरत. या घराची युक्ती मोठी व्यवहारी होती. मालकिणीने दिलेले परतीचे तिकीट तेथे जमा होई; हिंदुस्थानात जाणाऱ्या आणि आया हवी असलेल्या एखाद्या कुटुंबाला ते विकले जाई; त्या पैशातून आयेचा मधल्या दिवसांचा खर्च भागे. म्हणजे त्या बाईची सगळी पत त्या एका तिकिटात होती. जिच्याजवळ तिकीट नसे, तिची वाट बिकट. २०२२ साली त्या इमारतीवर स्मृतिफलक लागला. तिथे राहून गेलेल्या बहुतेकींची खरी नावे मात्र कुणालाच ठाऊक नाहीत. बोटीच्या यादीत त्यांची नोंद मालकाच्या नावाने होई, ‘अमक्या बाईंची आया’ अशी.

आता पुन्हा त्या जेवणाच्या ताटापाशी येऊ. ‘ओ-पेअर’ हे फ्रेंच शब्द; अर्थ ‘बरोबरीच्या नात्याने’. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात अशा मुलींची संख्या वाढली आणि ‘बरोबरीचे नाते’ नुसते बोलण्यात राहते असे दिसू लागले, तेव्हा २४ नोव्हेंबर १९६९ रोजी स्ट्रासबर्गमध्ये युरोपीय परिषदेने त्याबद्दल एक करार केला. त्यात या मुली विद्यार्थिनीही नाहीत आणि कामगारही नाहीत, त्यांचा वर्ग वेगळा, असे मान्य केले आणि त्यांच्या कामाला दिवसाला पाच तासांची मर्यादा घातली. जर्मनीच्या सध्याच्या नियमांनुसार काम आठवड्याला तीस तासांपेक्षा जास्त असू नये, हातखर्च महिना २८० युरो, भाषावर्गासाठी ७० युरो, आठवड्यात दीड दिवस सुट्टी, वर्षाला चार आठवडे रजा, आणि आजारपणाचा विमा यजमानाने उतरवायचा. कालावधी फार तर एक वर्ष. घरात जर्मन बोलली गेली पाहिजे, आणि ती यजमानांची मातृभाषा नसेल तर त्यांच्याच मूळ देशातली मुलगी त्यांना ठेवता येत नाही. म्हणजे फ्रँकफुर्टमधल्या मराठी मावशीकडे ओ-पेअर म्हणून जाण्याचा बेत मनातच ठेवावा.

हे नियम रुक्ष वाटतात. घरच्या माणसाचे तास कोण मोजतो? पण घरच्या मुलीला रागावून दार आपटता येते, माहेर असते, मामा असतो. ज्या घरात तिची बाजू घेणारे कुणी नाही, तिथे तिची बाजू घ्यायला तो कागद असतो. नियम असूनही फसवणूक होत नाही असे नाही; स्वस्तातली मोलकरीण म्हणून या पद्धतीचा वापर होतो, हा आक्षेप इतका वाढला, की नॉर्वेने २०२४ साली ती बंदच केली. तेव्हा मुलीला पाठवणाऱ्या पालकांनी यजमानांच्या हसऱ्या छायाचित्रांपेक्षा कराराची प्रत आधी मागावी. तासांचा आकडा वाचावा. पारपत्र मुलीच्याच ताब्यात राहील हे पाहावे. आणि परतीच्या तिकिटाचे पैसे तिच्या स्वतःच्या खात्यात ठेवावेत. अगदी खाऊच्या डब्याला जागा उरली नाही तरी चालेल.

इथपर्यंत सर्व पालकांच्या माना डोलतील. पुढचा भाग थोडा अवघड आहे.

कोलकात्यात नव्याने आलेल्या मराठी माणसाला शेजारणीने “माशी आली का?” असे विचारले, की तो आधी खिडकीकडे पाहतो. मग कळते, माशी म्हणजे मावशी, घरकामाची बाई. दोन्ही भाषांनी तिला आईची बहीण केले आहे, आणि दोन्ही प्रांतांत तिचे तास कुणी मोजत नाही. रोज सकाळी बजबजच्या लोकलने माझेरहाटला आणि आमतल्याकडून येणाऱ्या बसने बेहाल्यात कितीतरी बायका उतरतात. काही तर घरातच राहतात. बंगालीत त्यांना ‘रातदिनेर लोक’ म्हणतात. नावातच रात्रही आली आणि दिवसही. घरकामगारांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार २०११ साली झाला. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. महाराष्ट्रात २००८ पासून घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे. पण किती घरांनी आपल्या मावशीला त्याची माहिती दिली, हे ज्याचे त्याने आठवावे.

मुलगी म्युनिकला पोहोचते. पहिल्याच रविवारी दूरध्वनीवर सांगते, आज सुट्टी आहे, नदीकाठी फिरून आले. आईवडिलांचा जीव भांड्यात पडतो. त्या वेळी स्वयंपाकघरात भांडी घासण्याचा आवाज येत असतो, आणि वारही रविवारच असतो.